निबंध पारितोषिकाचा इतिहास लिहायचाय? आधी विषय गोळा करा

जुन्या निबंध पारितोषिकाचा इतिहास लिहून द्या, हे काम दर काही वर्षांनी महाविद्यालयात कुणाच्या तरी वाट्याला येतं. कधी स्मरणिका काढायची असते, कधी महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची असते, कधी देणगीदाराच्या नातवाचं पत्र येतं, की आजोबांनी ठेवलेल्या पैशातून अजून बक्षीस देता का. नाशिकमध्ये असे प्रसंग आता वाढत जाणार. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४चा, गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ची, एच.पी.टी. महाविद्यालय १९२४चं, आणि त्यांच्यामागून निघालेल्या कितीतरी संस्था पन्नाशी-पंचाहत्तरीला आल्या आहेत. माझी सगळी नोकरी नाशिकच्याच एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात झाली. निवृत्त झाल्यावर आमच्या पदवी वर्गांसाठी असलेल्या निबंध पारितोषिकाचा इतिहास मी लिहिला. त्यात हाताला बसलेली पद्धत इथे सांगते. तुमचं पारितोषिक वेगळं असेल, संस्था वेगळी असेल, पण कागद बहुतेक सारखेच असतात आणि तेच कोपऱ्यात पडलेले असतात.

काम सांगणारा माणूस तुमच्या हातात पहिली वस्तू देतो ती विजेत्यांची यादी. प्राचार्यांच्या दालनाबाहेर लाकडी फलकावर सोनेरी अक्षरांत लिहिलेली असते, तीच टाइप करून मिळते. ती घ्या आणि बाजूला ठेवा. कोण पहिलं आलं याची यादी म्हणजे पारितोषिकाचा इतिहास नव्हे. विचारलं काय होतं, हा खरा इतिहास. दर वर्षी चार जाणती माणसं एकत्र बसून ठरवतात, की आपल्या गावातल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींनी यंदा कशाचा विचार करावा. त्या ठरवण्यात त्या वर्षाचं सगळं गाव असतं.

हे मी एवढ्या ठामपणे सांगते त्यामागे एक जुनी हकिगत आहे. १७८५ साली केंब्रिज विद्यापीठाचे कुलगुरू पीटर पेकार्ड यांनी लॅटिन निबंधाच्या पारितोषिकासाठी प्रश्न ठेवला: माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणं न्याय्य आहे का? थॉमस क्लार्कसन नावाच्या तरुण पदवीधरानं लिहायला घेतलं ते बक्षिसासाठी. आदल्या वर्षीचं एक बक्षीस त्यानं मिळवलं होतं, आणखी एक मिळालं तर नाव होईल एवढाच विचार. विषयाची त्याला फारशी माहिती नव्हती. त्यानं अँथनी बेनेझेट यांचं गिनीच्या किनाऱ्यावरच्या गुलामांच्या व्यापाराविषयीचं पुस्तक मिळवलं, त्या व्यापाराशी संबंध आलेल्या माणसांना विचारलं, आणि लिहिता लिहिता त्याची झोप उडाली. बक्षीस मिळालं. निबंध विद्यापीठात वाचून घोड्यावरून लंडनला परतताना हार्टफर्डशायरमधल्या वेड्समिल गावाजवळ तो उतरून रस्त्याच्या कडेला बसला. आपण लिहिलंय ते जर खरं असेल, तर हे कुणीतरी थांबवलं पाहिजे, असं त्याच्या मनात आलं. १७८६मध्ये त्यानं निबंध इंग्रजीत छापला. मे १७८७मध्ये लंडनमध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी समिती उभी राहिली, तिच्या संस्थापकांत तो होता. १८०७मध्ये ब्रिटिश संसदेनं तो व्यापार कायद्यानं बंद केला. आता समजा, केंब्रिजच्या दफ्तरात फक्त "१७८५, क्लार्कसन, प्रथम" एवढीच नोंद उरली असती, तर त्या ओळीवरून काय कळलं असतं? पेकार्डचा प्रश्न उरला म्हणून इतिहास उरला.

तर आधी विषय.

विषय कुठे सापडतात

सगळ्यांना आधी सुचतो तो वार्षिकांक. पण वार्षिकांकात निबंधाचा विषय नेहमी सापडतोच असं नाही. "निबंध स्पर्धेत कु. अमुक प्रथम" एवढंच वाङ्मय मंडळाच्या अहवालात असतं. विषयासाठी नोटीस बुक शोधा. आता सूचना व्हॉट्सअॅपवर जातात, पण पूर्वी प्रत्येक महाविद्यालयात लांबट, जाड पुठ्ठ्याची नोटीस बुकं होती. कार्यालयात सूचना हातानं लिहायची, प्राचार्यांनी सही करायची, शिपाईमामांनी ते बुक वर्गावर्गात न्यायचं, शिकवणाऱ्यानं ते वाचून दाखवून समासात सही करायची. निबंधाचा विषय, शब्दमर्यादा, शेवटची तारीख, निबंध कुणाकडे द्यायचा, सगळं तिथे असतं. मुदत वाढवली तर तीही सूचना असते, आणि दोनदा वाढवली असेल तर त्या वर्षी मुलांनी विषयाकडे पाठ फिरवली होती हे न सांगता कळतं.

नोटीस बुकं कुणी मुद्दाम जपत नाही. म्हणून ती कार्यालयाच्या कपाटात मागू नका, मामांना विचारा. आमच्याकडे मी कार्यालयात विचारलं तेव्हा "तसलं काही नाही" असं उत्तर मिळालं. मग निवृत्त झालेल्या मामांना गाठलं. "ती बुकं ना मॅडम? जिन्याखालच्या खोलीत, जुन्या बाकांच्या मागं. रद्दीत काढली होती, मीच म्हटलं राहू द्या, सह्या आहेत साहेबांच्या," ते म्हणाले. बुकं खरोखर बाकांच्या मागेच होती. कुठल्याही संस्थेत कागद कुठे आहे हे ज्याला ठाऊक असतं, त्याचं नाव स्मरणिकेत सहसा नसतं. तुम्ही ते घाला.

दुसरी जागा म्हणजे संस्थेची इतिवृत्तं, ज्यांना सगळे प्रोसिडिंग बुक म्हणतात. पारितोषिक सुरू करण्याचा ठराव तिथे असतो आणि देणगीदाराचं पत्र कधीकधी त्याच पानाला डकवलेलं असतं. फार जुन्या संस्थेची सुरुवातीची इतिवृत्तं मोडीत असू शकतात. मोडी येत नसेल तर अंदाजानं वाचू नका. नाशिकमध्ये मोडी वाचणारी माणसं आहेत. सार्वजनिक वाचनालयात चौकशी केली तर कुणीतरी पत्ता देईल. वाचनालय १८४०चं आहे, गावातल्या बहुतेक महाविद्यालयांहून कितीतरी जुनं. तिथे जुन्या वर्तमानपत्रांचीही चौकशी करा. १९३८ साली सुरू झालेल्या 'गावकरी'सारख्या पत्रात स्नेहसंमेलनाच्या बातम्या सविस्तर येत. प्रमुख पाहुणे कोण, ते काय बोलले, बक्षिसं कुणाला, हे बातमीत मिळतं, आणि कधी कधी विषयही.

विद्यापीठानं घेतलेली स्पर्धा असेल तर महाविद्यालयात अर्धाच माल सापडणार. उरलेला अर्धा कुठे, हे साल पाहून ठरवायचं. मुंबई विद्यापीठ १८५७चं. नाशिकची महाविद्यालयं १९४९पर्यंत त्याला जोडलेली होती, म्हणून त्याआधीचं काही हवं असेल तर मुंबई विद्यापीठाची जुनी कॅलेंडरं पाहावी लागतात. कॅलेंडर म्हणजे तारखांचं नव्हे, विद्यापीठाची दरवर्षीची नियमपुस्तिका. पारितोषिकांचे निधी, देणगीदारांच्या अटी, पात्रता हे त्यात छापलेलं असे. १९४९नंतर पुणे विद्यापीठ. तिथलं जयकर ग्रंथालय पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर यांच्या नावाचं आहे, विद्यापीठाची प्रकाशनं तिथे पाहायची. जाण्याआधी पत्र द्या, ओळखपत्र न्या, आणि काय हवंय त्याची सालवार यादी करून न्या. "जुनं काहीतरी दाखवा" म्हणणाऱ्याला ग्रंथपाल मदत करू शकत नाही, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूनं सांगते.

एक साल, तीन तारखा

यादी करायला बसलात की पहिल्या तासातच एक घोळ समोर येतो. विषय जाहीर झाला ऑगस्ट १९६८मध्ये. बक्षीस दिलं गॅदरिंगला, जानेवारी १९६९मध्ये. निबंध छापून आला त्यानंतरच्या अंकात, आणि अंकावर कधी '१९६९', कधी '१९६९-७०'. फलक रंगवणाऱ्यानं यातलं कुठलं साल घेतलं हे त्या दिवशी त्याच्या हातात कुठला कागद होता यावर. त्यामुळे एकाच निबंधाची दोन सालं होतात आणि एखादं वर्ष विनाकारण रिकामं दिसतं. नियम एकच ठेवा: शैक्षणिक वर्ष लिहायचं, जूनला सुरू होणारं, '१९६८-६९' असं. मूळ कागदावरचं साल शेजारच्या रकान्यात जसंच्या तसं. शके दिलं असेल तर त्यात ७८ मिळवा. पौष-माघात, म्हणजे जानेवारीनंतर, ७९. गॅदरिंगचा मोसम नेमका तोच असतो, म्हणून हे लक्षात ठेवा.

रिकाम्या वर्षांचेही प्रकार आहेत. स्पर्धा झालीच नाही, स्पर्धा झाली पण बक्षिसालायक निबंध आला नाही, आणि कागदच मिळाला नाही, या तीन वेगळ्या गोष्टी. तिघांना तीन वेगळ्या खुणा करा. "बक्षिसालायक निबंध नाही" हा परीक्षकांचा शेरा मिळाला तर तो फार मोलाचा. त्या वर्षाचा विषय आणि परीक्षकांची नावं दोन्ही जपून उतरवून घ्या.

विद्यापीठाचा नकाशा हलतो, यादीही हलते

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या याद्या पाहताना पुष्कळ जण एक चुकीचा निष्कर्ष काढतात. जुन्या यादीत कोल्हापूर-सांगलीची मुलं दिसतात आणि पुढे एकदम नाहीशी होतात. मग लिहिलं जातं, की स्पर्धेचा नावलौकिक घटला. वास्तविक १९६२मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि दक्षिणेकडचे जिल्हे पुणे विद्यापीठातून गेले. तसंच १९९०मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं आणि जळगाव, धुळे गेले. उरले पुणे, नगर आणि नाशिक. अमळनेर, धुळे, भुसावळची नावं १९९०नंतर दिसत नाहीत ती यामुळे. नाशिकच्या मुलांना त्याआधी खानदेशातल्या मुलांशी टक्कर द्यावी लागत होती, हे लिहिलंत तर त्या काळच्या बक्षिसाचं वजन वाचणाऱ्याला कळेल. २०१४मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं. त्याआधीच्या वर्षांसाठी 'पुणे विद्यापीठ' असंच लिहा.

दुसरा बदल वयाचा. अकरावीला एस.एस.सी. होऊन पोरं महाविद्यालयात येत तेव्हा पहिल्या वर्षाला सोळा वर्षांची असत. कोठारी आयोगानं (१९६४-६६) सुचवलेला दहा-दोन-तीनचा आकृतिबंध महाराष्ट्रात सत्तरच्या दशकात आला आणि अकरावी-बारावी कनिष्ठ महाविद्यालयात गेली. म्हणजे 'पदवी वर्गांसाठी' हे शब्द तेच राहिले, पण पहिल्या वर्षाला लिहिणारी मुलं एका वर्षानं मोठी झाली. जुन्या विजेत्यांपुढे 'प्री-डिग्री', 'इंटर', 'ज्युनिअर बी.ए.' असं असतं ते तसंच ठेवा, आजच्या 'एफ.वाय.'मध्ये बसवू नका.

पैसा

हा भाग सगळे टाळतात. मला मात्र तो पारितोषिकाच्या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो, कारण भाषणात अतिशयोक्ती होते, हिशेबाच्या खतावणीत होत नाही.

जुनं पारितोषिक म्हणजे बहुतेक वेळा एक कायम ठेव आणि तिचं व्याज. समजा कुणी आईच्या स्मरणार्थ एक हजार रुपये दिले आणि संस्थेनं ते साडेतीन टक्क्यांच्या सरकारी रोख्यात गुंतवले. वर्षाला ३५ रुपये आले, त्यात पहिलं बक्षीस २५चं आणि दुसरं १०चं. हा हिशेब मांडला की पहिल्या बक्षिसाची रक्कम तशीच विचित्र का आहे ते उलगडतं. ती कुणाच्या मनात आलेली नसते, व्याजातून निघालेली असते. १ एप्रिल १९५७पूर्वीच्या नोंदी रुपये-आणे-पैंत असतील. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. दशमान करायच्या भरात मूळ आकडा गाळू नका.

ते २५ रुपये म्हणजे किती, हे सांगायला आजच्या किमतीत रूपांतर करण्याच्या फंदात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच वर्षाचं माहितीपत्रक काढा आणि एका सत्राची फी, वसतिगृहाच्या खाणावळीचा महिन्याचा दर, परीक्षा फी बघा. बक्षिसात एका सत्राची फी भागत होती की नाही, एवढं एक वाक्य वाचणाऱ्याला पुरतं. मग तेच पुढच्या दशकांत बघत चला. ठेव तीच, व्याज जवळपास तेच, फी वाढत गेलेली. कुठल्या तरी वर्षी बक्षिसाची रक्कम निकालाच्या पाकिटापेक्षा किरकोळ होते आणि मग संस्था निधी एकत्र करते. खतावणीत 'पारितोषिक निधी' असं एकच खातं दिसायला लागतं आणि देणगीदाराचं नाव हरवतं. ते नाव नेमकं कुठल्या वर्षी हरवलं, हे शोधणं तुमचं काम आहे. ताळेबंद पाहा. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल झालेले असतात, रीतसर अर्ज करून शुल्क भरलं की नकला मागता येतात. अनुदानित महाविद्यालयात माहिती अधिकाराचा अर्जही चालतो. पण मी म्हणेन, आधी लेखापालांकडे जाऊन बसा, काय करताय ते सांगा. हिशेब जुळवणाऱ्या माणसाला जुन्या हिशेबाची उत्सुकता असते. आमच्या लेखापालांनी स्वतःहून रविवारी येऊन खतावण्या काढून दिल्या.

देणगीदाराची अट मिळाली तर ती मूळ शब्दांत द्या. अटीत काळ जसाच्या तसा टिकून राहतो. केंब्रिजचंच दुसरं उदाहरण: ल बा पारितोषिक, १८४८चं. हेलीबरीच्या ईस्ट इंडिया कॉलेजचे प्राचार्य चार्ल्स वेब ल बा यांच्या सन्मानार्थ बंगालमध्ये नोकरी करणाऱ्या त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी ते ठेवलं, आणि विषय अधूनमधून हिंदुस्थानातल्या ब्रिटिश साम्राज्याचा इतिहास, संस्था आणि भवितव्य यांविषयी असावा असं म्हटलं. पुढे साम्राज्य गेलं. आपल्याकडच्या अटीही अशा वाचा. फक्त संस्कृत घेतलेल्यांसाठी, फक्त मुलींसाठी, फक्त अमुक तालुक्यातल्यांसाठी, निबंध मराठीतच हवा किंवा इंग्रजीतच हवा: प्रत्येक अटीमागे कुणाला तरी काहीतरी कमी असल्याचं दिसलं होतं. अट कधी शिथिल झाली आणि ती कुणी केली, हेही शोधा.

माणसं

विषयांची यादी झाल्यावरच माणसांकडे जा. रिकाम्या हातानं गेलात तर "छान दिवस होते" याच्या पुढे गाडी सरकत नाही. वार्षिकांकातल्या त्यांच्या निबंधाची प्रत घेऊन जा आणि हातात द्या. प्रश्न बारीक विचारा. विषय कुठे कळला? पुस्तकं कुठून आणली? कुठे बसून लिहिलं? पक्की प्रत कुणी करून दिली? बक्षिसाच्या पैशाचं काय केलं? सरांनी खोडलेलं काही आठवतं का? आमच्या पारितोषिकाच्या जुन्या विजेत्यांपैकी एक काका पंचवटीत राहत होते, ते रोज गोदाकाठानं चालत वाचनालयात यायचे आणि एकच पुस्तक बाकीच्यांच्याही मागणीत असल्यामुळे उभ्यानं टिपणं काढायचे. त्या पुस्तकाचं नाव त्यांनी सांगितलं आणि त्या वर्षीच्या तिन्ही निबंधांत सारखेच उतारे का आहेत ते मला कळलं.

बायकांना शोधणं जास्त कष्टाचं आहे आणि ते सोडून देऊ नका. यादीत 'कु.' आणि माहेरचं आडनाव असतं. लग्नानंतर आडनाव बदलतं, पुष्कळ घरांत पहिलं नावही बदललं जायचं. त्यामुळे तुमच्या शेजारी राहणाऱ्या आजी विजेत्या असतील आणि तुम्हाला पत्ता नसेल. जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशनोंदीच्या वहीत, गाव आणि वडिलांचं नाव मिळतं, तिथून माहेरच्या घरापर्यंत आणि मग पुढे. मला अशा एका आजींचा शोध त्यांच्या भाच्याकडून लागला. त्यांच्या निबंधाबद्दल एक कोडं होतं: आवक नोंदीत निबंध आणून देणाऱ्याचं नाव मुलाचं आणि बक्षीस मुलीला. त्या म्हणाल्या, "अगं, कार्यालयात मुलींनी एकटं जायचं नाही असं घरी होतं. भाऊ देऊन आला, त्याचंच नाव लिहून घेतलं त्यांनी." एवढ्या एका वाक्यासाठी मी इतिहासात अर्धं पान ठेवलं. त्यांची दोन्ही नावं छापली, त्यांना विचारून.

विचारणं महत्त्वाचं. जनरल रजिस्टरमध्ये जात, जन्मतारीख, पालकांचा धंदा सगळं असतं. माग काढण्यासाठी ते वापरायचं, छापायचं नाही. मुलाखत ध्वनिमुद्रित करायची असेल तर आधी सांगा, आणि लिहिलेला मजकूर छापण्याआधी वाचून दाखवा.

ज्यांना बक्षीस मिळालं नाही

१८५५ साली जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक पुण्याच्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं. कमिटीनं ते नाकारलं. त्या कमिटीनं ज्यांना बक्षिसं दिली त्यांतली कितीतरी पुस्तकं आज कुणाला आठवत नाहीत आणि नाकारलेलं नाटक अभ्यासक्रमांत आहे. म्हणून पारितोषिकाचा इतिहास लिहिणाऱ्यानं नाकारलेल्या निबंधांचा गठ्ठा शोधलाच पाहिजे. बहुधा तो नष्ट झालेला असतो, कारण निकाल लागला की गरज संपते. पण मराठी किंवा अर्थशास्त्र विभागाच्या कपाटात वरच्या कप्प्यावर एखाद्या वर्षाचे सगळे निबंध दोरीनं बांधून ठेवलेले मिळू शकतात. मिळाले तर बक्षीसपात्र निबंधाशेजारी ठेवून वाचा. विषय 'ग्रामसुधारणा' असेल, पहिल्या निबंधात सगळी पुस्तकातली वाक्यं असतील आणि उत्तेजनार्थसुद्धा न मिळालेल्या निबंधात सुरगाण्याच्या किंवा पेठच्या पाड्यावर पाणी किती लांबून आणावं लागतं ते लिहिलेलं असेल. हे तुमच्या इतिहासात यायला हवं. परीक्षकांना दोष देण्याची गरज नाही. त्या काळी 'चांगला निबंध' कशाला म्हणत, हे त्या दोन निबंधांतून आपोआप दिसतं. परीक्षकांचे समासातले शेरे मिळाले तर ते सगळे उतरवा: 'भाषा ओघवती', 'मुद्देसूद', 'विषयांतर'. 'विषयांतर' लिहिलेला परिच्छेद नेहमी पुन्हा वाचावा, असं मी म्हणेन.

कागद हाताळताना

पेन घरी ठेवा, पेन्सिलनं टिपणं काढा. गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नका, कागद फाटतो. टाचणीचा वाकडा भाग मागून हळूच सरळ करून मग सोडवा. फाटलेल्याला सेलोटेप लावू नका आणि कुणी कितीही आग्रह केला तरी लॅमिनेशन करू नका. बांधणीतली जुनी बुकं झेरॉक्सच्या काचेवर दाबली की पाठ तुटते, त्यापेक्षा खिडकीजवळ उजेडात, फ्लॅश बंद ठेवून मोबाइलवर फोटो घ्या. दर बुकाचा पहिला फोटो मुखपृष्ठाचा, म्हणजे नंतर कुठलं पान कुठलं ते कळेल. नाशिकच्या पावसाळ्यात जिन्याखालच्या खोल्या दमट होतात. हे काम दिवाळी ते होळी या काळात करावं. कसर लागलेला गठ्ठा ग्रंथालयात आणण्याआधी वेगळ्या खोलीत उघडा, नाहीतर ती चांगल्या पुस्तकांना लागते.

लिहिताना

कालानुक्रम हवा, पण 'स्थापना, वाटचाल, यश' अशा चौकटीत लिहू नका. विषयांची यादी समोर ठेवा आणि ती कुठे वळते ते पाहा. स्वातंत्र्याआधी काय विचारलं जात होतं, १९६०मध्ये राज्य झाल्यावर काय, १९७२च्या दुष्काळानंतर विषय शेताकडे वळला का, आणीबाणीच्या वर्षी विषय निरुपद्रवी झाला का, १९९१नंतर 'जागतिकीकरण' कितीदा आलं. आणि गावातलं काय कधीच विचारलं गेलं नाही? काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, महाविद्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या आणि पुढच्या वर्षांचे विषय काढून बघा. उत्तर काहीही येवो, ते लिहा.

निदान एक बक्षीसपात्र निबंध पूर्ण छापा. त्याचं शुद्धलेखन सुधारू नका. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२चे. त्याआधीच्या मजकुरात 'नाहीं', 'कांहीं', 'आम्हीं' असे अनुस्वार असणारच. तारीख नसलेल्या हस्तलिखिताचा काळ ठरवायला हे अनुस्वार मदत करतात, मात्र तेवढ्यावर विसंबू नका, कारण जुन्या वळणाची माणसं नंतरही तसंच लिहीत राहिली. अधिकाराचा प्रश्नही आहे. निबंध लिहिणाऱ्याचा असतो, बक्षीस दिलं म्हणून संस्थेचा होत नाही. तेव्हा लेखकाची किंवा वारसांची परवानगी लेखी घ्या.

विजेत्यांची ती यादी, जी आपण सुरुवातीला बाजूला ठेवली, तिची जागा आता शेवटी, परिशिष्टात. तिच्यात चार रकाने करा: शैक्षणिक वर्ष, विषय, नाव, आणि माहिती कुठल्या कागदावरून घेतली. चौथा रकाना वगळू नका. दहा वर्षांनी कुणाला शंका आली तर ते बुक पुन्हा उघडता आलं पाहिजे.

छापून झाल्यावर एक प्रत ग्रंथालयात दाखल क्रमांक घालून ठेवा, नुसती भेट म्हणून टेबलावर नको. एक प्रत सार्वजनिक वाचनालयाला द्या, एक जयकर ग्रंथालयाला पाठवा. फोटोंच्या फाइली दोन वेगळ्या जागी ठेवा आणि फाइलच्या नावात वर्ष लिहा. नोटीस बुकं कापडात बांधून, आत काय आहे त्याची चिठ्ठी वर लावून, कार्यालयाकडून ग्रंथालयाच्या ताब्यात लेखी घ्या. आणि विषयांची यादी तेवढी वेगळी काढून जुलैत वाङ्मय मंडळाच्या बैठकीआधी प्राध्यापकांच्या हातात द्या, कारण यंदाचा विषय ते त्याच बैठकीत ठरवणार असतात.